तीन दिवस, तीन खटले : विल्यम होनची विडंबने

डिसेंबर १८१७. लंडनच्या गिल्डहॉलमधील न्यायालयात ३७ वर्षांचा एक कर्जबाजारी पुस्तकविक्रेता आरोपी म्हणून उभा होता. वकील देण्याची ऐपत नव्हती. सोबत होती ती जुन्या पुस्तकांची चळत. नाव विल्यम होन. आरोप धर्मनिंदेचा.

होनने ख्रिस्ती प्रार्थनापुस्तकातील तीन मजकुरांची विडंबने छापली होती : मुलांकडून पाठ करवून घेतली जाणारी धर्मप्रश्नोत्तरे, चर्चमधील सामुदायिक याचना आणि अथनेशियसचा श्रद्धापाठ. घाट प्रार्थनेचा, पण रोख मात्र मंत्र्यांवर आणि सरकारी वतनांवर पोसलेल्या खुशमस्कऱ्यांवर. आपल्याकडे एखाद्याने आरतीच्या चालीवर मंत्र्याची टर उडवावी, त्यातलाच हा प्रकार.

काळ कठीण होता. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, पण महागाई आणि बेकारी वाढली. सरकारने १८१७ मध्ये हेबियस कॉर्पसचे संरक्षणच स्थगित केले. स्वस्त पत्रकांचा धसका सत्तेने घेतला होता. मंत्र्यांची थट्टा केली म्हणून शिक्षा मागण्यापेक्षा देवाची विटंबना झाली म्हणून मागणे अधिक सोयीचे, हे उघड आहे.

तरीही सरकारी पक्षाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ही पत्रके गरिबांच्या आणि मुलांच्या हाती पडतील, आणि मग चर्चमध्ये तीच प्रार्थना म्हणताना त्यांच्या मनात आदर उरणार नाही, असे अॅटर्नी जनरलचे म्हणणे होते. विडंबन एकदा कानावर पडले की मूळ शब्द पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत, हा अनुभव कोणाला नाही? खुद्द होननेही, काहींची मने दुखावल्याचे कळताच, खटल्याच्या कित्येक महिने आधी विक्री थांबवली होती. आपण श्रद्धावान ख्रिस्ती आहोत, असे तो न्यायालयात सांगत राहिला.

त्याचा बचाव मात्र अफलातून होता. धर्मवचनांची विडंबने पूर्वापार होत आली आहेत, हे त्याने पुस्तकांमागून पुस्तके उघडून दाखवले. त्यात मार्टिन ल्यूथरचे नाव निघाले आणि तेव्हा सरकारातच बसलेल्या जॉर्ज कॅनिंगचेही! मंत्र्याने केले तर साहित्य, पुस्तकविक्रेत्याने केले तर गुन्हा? न्यायालयात हशा उसळला, तो आवरता आवरेना. १८ तारखेला ज्युरींनी पाव तासाच्या आत त्याला निर्दोष ठरवले.

१९ तारखेला आजारी असलेला सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो स्वतः येऊन बसला. हे लेखन धर्मनिंदकच आहे, असे त्याने ज्युरींना स्पष्ट सांगितले. परंतु १७९२ च्या कायद्याने अशा खटल्यांत अंतिम निवाडा ज्युरींच्या हाती दिला होता. पुन्हा निर्दोष. २० तारखेला थकून गेलेला होन पुन्हा तासन्‌तास बोलला. तिसऱ्यांदा निर्दोष. एलेनबरो पुढल्याच वर्षी पद सोडून वारला; या निकालांनीच तो खचला, असे तेव्हा बोलले गेले.

म्हणजे इंग्लंडमध्ये धर्मावर लिहिण्याची मुभा मिळाली काय? मुळीच नाही. होनची विडंबने पुन्हा छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल तुरुंगात पडला होता. होन सुटल्यावर तोही सुटला. त्याच कार्लाइलने पुढे टॉमस पेनचे ‘एज ऑफ रीझन’ प्रसिद्ध केले. त्यात बायबलची थेट, गंभीर चिकित्सा होती. १८१९ मध्ये तो दोषी ठरला आणि सुमारे सहा वर्षे कैदेत राहिला. ज्युरी हसले ते मंत्र्यांना. देवाविषयी त्यांचे मत बदलले नव्हते. इंग्लंडमधील धर्मनिंदेचा तो जुना गुन्हा रद्द व्हायला २००८ साल उजाडावे लागले.

होनने ती पत्रके पुन्हा विक्रीस काढली नाहीत. त्याने तिन्ही खटल्यांचे वृत्तान्त तेवढे छापले. सरकारी पक्षाने न्यायालयात वाचून दाखवलेली विडंबने अर्थातच त्यांत होती.