कप्तान कोण ठरवतं? पालवणकर बाळू आणि नेतृत्वाचं मानसशास्त्र

थॉमस कार्लाइलने १८४० साली लंडनमध्ये थोर पुरुषांवर व्याख्यानं दिली. नेता जन्मावाच लागतो, ही समजूत त्यानंतर फार घट्ट बसली. आज आपण ती पुण्याच्या मैदानावर जरा घासून पाहू.

पालवणकर बाळू १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मले. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर ते कामाला होते. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना चेंडू टाकायचे. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्तास सराव करून घेई. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. म्हणजे बघा, फलंदाजी मालकाची आणि गोलंदाजी नोकराची! कप्तानही मग बहुधा फलंदाजांतलाच. (ही खोड अजून पुरती गेलेली नाही.)

पुण्याच्या हिंदू संघात त्यांना घ्यावं की नाही, यावर वाद झाला. शेवटी घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात सगळे त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून चहा पीत. पुढे ते मुंबईला गेले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्या संघाचे कप्तान होते पतियाळाचे महाराज, वय वर्षं एकोणीस! आता इथे जन्मजात गुण कुठे शोधायचे?

पुढचे सिद्धांत अधिक शहाणे आहेत. कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली मुलांच्या गटांवर हुकूमशाही आणि लोकशाही पद्धतीचे परिणाम तपासले. चेल्लादुराई यांनी तर खेळासाठीच प्रतिमान मांडलं: परिस्थितीची मागणी, खेळाडूंची पसंती आणि नेत्याचं वागणं यांचा मेळ बसला पाहिजे. चांगलंच आहे. पण नेता खुर्चीवर बसलेलाच आहे, असं हे सगळे गृहीत धरतात. खुर्चीपर्यंत पोचायचं कसं, याचं काय?

अलीकडे हॅस्लम आणि रायशर म्हणतात की गटाला जो ‘आपल्यातला’ वाटतो, त्याच्याच मागे गट जातो. बाळूंच्या बाबतीत हा सिद्धांत सर्वांत जवळ येतो. आमचा आक्षेप एवढाच, की ‘आपल्यातला’ ही काही नुसती मनातली भावना नव्हे. हिंदू संघाच्या ‘आपण’ची हद्द खेळपट्टीवर एक होती आणि चहाच्या टेबलावर दुसरी. ती आखणारे हात कुणाचे होते, हे विचारल्याशिवाय मानसशास्त्र पुढे सरकत नाही.

आणि ही हद्द आपोआपही हलली नाही. कप्तानपदाचा मान खरं तर बाळूंचा, असं त्यांच्याऐवजी कप्तान झालेले एम. डी. पै स्वतःच म्हणाले होते. तरी काही बदललं नाही. १९२० साली बाळूंना वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निषेध करून संघ सोडला. मग अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला. बाळूंचं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं.