राजकीय अपराधी आणि आश्रयाचा हक्क

आश्रयास आलेल्या माणसाला त्याचा पाठलाग करणाऱ्यांच्या स्वाधीन करावें कीं करूं नये, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु त्याचा निकाल राजाच्या मर्जीवर न सोडतां न्यायाधीशांनीं लावावा, ही कल्पना अर्वाचीन होय. इंग्लंडांत तिला १८७० च्या प्रत्यर्पणाच्या कायद्यानें निश्चित रूप आलें. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्याबद्दल कोणाही फरारी इसमास परराष्ट्राच्या हवालीं करूं नये, असें त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत म्हटलें होतें. मात्र 'राजकीय गुन्हा' कशास म्हणावें, हें कायद्यानें सांगितलें नव्हतें.

तें सांगण्याचा प्रसंग वीस वर्षांनीं आला. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतांत राज्यघटनेची दुरुस्ती व्हावी अशी लोकांची मागणी होती आणि प्रांतिक सरकार चालढकल करीत होतें. ११ सप्टेंबर १८९० रोजीं बेलिन्झोना शहरांत लोकांनीं शस्त्रागार ताब्यांत घेतलें व सरकारी कचेरीवर चाल केली. त्या धुमश्चक्रींत रोस्सी नांवाचा सरकारांतील एक सभासद गोळी लागून ठार झाला. आरोप आंजेलो कास्तिओनी याजवर आला. तो इंग्लंडला निघून गेला. स्वित्झर्लंडनें त्याची मागणी केली व लंडनच्या मॅजिस्ट्रेटनें ती मान्य करून त्यास तुरुंगांत पाठविलें.

कास्तिओनीनें हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तो ऐकणाऱ्या तिघां न्यायाधीशांपैकीं एक होते सर जेम्स स्टीफन. हिंदुस्थानाला हें नांव अपरिचित नाहीं. १८७२ चा पुराव्याचा कायदा त्यांच्याच हातचा; राजद्रोहाचें १२४ अ हें कलम दंडसंहितेंत आलें तेंही १८७० सालीं, ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायदेमंत्री असतांना. याच कलमाखालीं १८९७ सालीं लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली. पण लंडनच्या न्यायासनावर याच स्टीफन यांची व्याख्या आश्रिताची ढाल ठरली. राजकीय उठावाच्या ओघांत व त्याचाच एक भाग म्हणून जें कृत्य घडतें तो राजकीय गुन्हा, असें न्यायालयानें मानलें. मृताशीं खासगी वैर असल्याचा पुरावा नव्हता. मॅजिस्ट्रेटचा निर्णय फिरला व कास्तिओनी मुक्त झाला.

पुन्हां वीस वर्षें लोटलीं. १३ मार्च १९१० रोजीं विनायक दामोदर सावरकर यांना लंडन येथें अटक झाली. राजद्रोह व युद्ध पुकारण्यास साहाय्य हे त्यांजवरील आरोपांपैकीं होते. त्यांचें राजकीय स्वरूप उघड होतें. तथापि हिंदुस्थान इंग्लंडचें परराष्ट्र नव्हतें. साम्राज्याच्या एका भागांतून दुसऱ्या भागांत पाठवणी करावयाची ती १८८१ च्या फरारी अपराध्यांच्या कायद्यानें, आणि त्यांत राजकीय गुन्ह्यास सूट नव्हती. पाठवणी अन्यायाची किंवा जुलमाची ठरल्यास ती अडविण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयास होता; पण सावरकरांचीं अपिलें फेटाळलीं गेलीं.

८ जुलै १९१० रोजीं मार्सेय बंदरांत त्यांनीं 'मोरिया' बोटीवरून समुद्रांत उडी घेतली व फ्रान्सचा किनारा गांठला. फ्रेंच शिपायानें त्यांना पुन्हां बोटीवर पोंचविलें. प्रकरण हेगच्या लवादापुढें गेलें. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालांत, पकडून हवालीं करण्यांत अनियमितपणा झाला हें मान्य झालें. तरीही ब्रिटननें कैदी परत करणें बंधनकारक नाहीं, असें ठरलें. तोंपर्यंत सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या होत्या.

पुढें १९५१ च्या जिनीव्हा येथील करारानें राजकीय मतामुळें छळाची साधार भीति असणाऱ्यास निर्वासित मानलें, आणि १९६७ सालीं ब्रिटननें १८८१ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा करून त्यांत राजकीय गुन्ह्याची सूट घातली. कास्तिओनीला १८९० सालीं मिळालेलें संरक्षण साम्राज्याच्या प्रजेच्या वांट्यास आलें तें असें, पाऊणशें वर्षांहूनही अधिक काळानें. आणि तेव्हां तें साम्राज्यच बहुतांशीं उरलें नव्हतें. न्यायाधीश कितीही निःस्पृह असला तरी कायद्यानें जें दार ठेविलेंच नाहीं तें त्याला उघडतां येत नाहीं, हाच या दोन खटल्यांचा इतिहास सांगतो.