माया स्थलांतरित समाज व त्यांच्या संघटना

ग्वातेमाला व दक्षिण मेक्सिको या प्रदेशांतील माया लोकांपैकी विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) जाऊन राहिलेले समूह आणि त्यांनी आपली भाषा, आरोग्य व कायदेशीर हक्क यांच्या रक्षणार्थ उभारलेल्या संस्था. माया म्हटले की, टिकाल, कोपान, चिचेन इत्सा येथील भग्न मंदिरे डोळ्यांसमोर येतात व तो समाज केव्हाच लयास गेला, असा समज पुष्कळ सुशिक्षितांतही आढळतो [→ माया संस्कृति]. वस्तुतः माया कुळातील सु. ३० भाषा आजही बोलल्या जातात आणि त्यांपैकी २२ भाषांना ग्वातेमालात शासकीय मान्यता आहे. कीचे, केक्ची, माम, काकचीकेल, कांहोबाल, चूह, ईशील या त्यांतील काही होत. यांतील पुष्कळ भाषा परस्परांना समजत नाहीत आणि स्पॅनिश ही त्या भाषकांच्या दृष्टीने शाळेत किंवा बाजारात शिकलेली परकी भाषा असते. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय या स्थलांतरितांचा इतिहास उलगडत नाही, कारण अ. सं. सं. मधील शासकीय नोंदींत ते दीर्घकाळ केवळ ‘ग्वातेमालन’ किंवा ‘हिस्पॅनिक’ म्हणून गणले गेले.

या स्थलांतराचे तात्कालिक कारण ग्वातेमालातील यादवी युद्ध (१९६०–९६) हे होय. जमीनसुधारणा करू पाहणारे हाकोबो आर्बेन्स यांचे सरकार १९५४ मध्ये अमेरिकन गुप्तहेर संघटनेच्या साहाय्याने उलथविण्यात आले. पुढे लष्कर व गनिमी संघटना यांच्या संघर्षात पश्चिमेकडील डोंगराळ माया प्रदेश भरडून निघाला. लूकास गार्सीआ (१९७८–८२) व एफ्राईन रीओस माँत (१९८२–८३) यांच्या राजवटींत लष्कराने गावेच्या गावे जाळली. वेवेतेनांगो प्रांतातील नेंतोन विभागात सान फ्रान्सिस्को या वस्तीतील चूह भाषक लोकांची १७ जुलै १९८२ रोजी झालेली कत्तल ही त्यांपैकी एक. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार युद्धात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले वा बेपत्ता झाले. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. आयोगाने नोंदविलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी शासन व त्याच्या हस्तकांकडे जात होती. आणि चार प्रदेशांत माया समूहांविरुद्ध वंशविच्छेदाची कृत्ये घडली होती. सु. ४६,००० निर्वासितांची मेक्सिकोत अधिकृत नोंद झाली. आरंभी त्यांच्या छावण्या चीआपासमध्ये सीमेलगत होत्या. १९८४ पासून त्यांतील पुष्कळांना दूरच्या कांपेचे व किंताना रो या राज्यांत हलविण्यात आले. नोंदीबाहेर राहिलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी होती आणि उत्तरेकडची वाट धरणारे बहुतेक त्यांतलेच होते. अशाच एका माया भावंडांच्या लॉस अँजेल्सपर्यंतच्या प्रवासावर ग्रेगरी नावा यांनी एल नॉर्ते (१९८३) हा चित्रपट काढला.

अ. सं. सं. मध्ये पोहोचल्यावर त्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळणे दुरापास्त ठरले. ग्वातेमालाचे सरकार वॉशिंग्टनच्या शीतयुद्धकालीन मित्रपक्षांत मोडत असल्याने तेथून आलेल्यांस ‘आर्थिक स्थलांतरित’ ठरविण्याकडे शासनाचा कल होता. १९८४ मध्ये ग्वातेमालन अर्जदारांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी लोकांना राजकीय आश्रय मिळाला. या धोरणाविरुद्ध ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथील एका चर्चने मार्च १९८२ मध्ये जाहीरपणे निर्वासितांना थारा दिला व तीतून देशव्यापी आश्रय चळवळ उभी राहिली. चर्च-संघटनांनी १९८५ मध्ये शासनाविरुद्ध दाखल केलेला दावा १९९१ मध्ये तडजोडीने मिटला आणि एल साल्वादोर व ग्वातेमाला येथील लोकांचे अर्ज नव्याने तपासण्याचे शासनाने मान्य केले. दरम्यान १९८६ च्या कायद्याने अनधिकृत रहिवाशांना नियमित केले, तरी त्याची मुख्य अट १ जानेवारी १९८२ पूर्वीपासूनच्या वास्तव्याची होती. युद्धाचा सर्वांत भीषण काळ नेमका त्यानंतरचा असल्याने बहुसंख्य माया या सवलतीस मुकले. शेतमजुरांसाठीच्या वेगळ्या तरतुदीचा लाभ मात्र काहींना झाला.

फ्लॉरिडातील इंडियनटाउन हे या इतिहासातील एक आद्य केंद्र होय. सेमिनोल इंडियनांच्या व्यापारी ठाण्यावरून नाव पडलेल्या या लहानशा गावी १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सान मिगेल आकातान व आसपासच्या गावांतील कांहोबाल व आकातेको भाषक कुटुंबे लिंबूवर्गीय फळांच्या बागांत व भाजीपाल्याच्या मळ्यांत मजुरीसाठी आली. इंडियन तेथून हटल्यानंतर बऱ्याच काळाने दुसरे इंडियन त्या नावाच्या गावात आले, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग म्हणावा लागेल. गावातील कॅथलिक चर्च व ग्रामीण विधिसाहाय्य संस्थेचे वकील यांनी त्यांच्या आश्रयाच्या अर्जांचे काम हाती घेतले. मानवशास्त्रज्ञ ॲलन बर्न्स यांनी या वसाहतीचा दीर्घकाळ अभ्यास करून माया इन एक्झाइल (१९९३) हा ग्रंथ लिहिला. एकाच अर्जासाठी कांहोबालमधून स्पॅनिशमध्ये व स्पॅनिशमधून इंग्रजीत असे दोन टप्प्यांचे भाषांतर करावे लागे. ज्या माणसाने आपले घर जळताना पाहिले, त्याची जबानी कागदावर उतरेपर्यंत पुष्कळदा चार-दोन कोरड्या वाक्यांची होऊन जाई, आणि निकाल त्या कागदावर लागे.

या निकडीतून माया लोकांच्या स्वतःच्या संस्था जन्मास आल्या. इंडियनटाउन येथे ‘कॉर्न-माया’, तर लॉस अँजेल्स येथे कांहोबाल लोकांची ‘ईशीम’ ही संघटना १९८० नंतरच्या दशकात निघाली. फ्लॉरिडातीलच लेक वर्थ येथे १९९२ मध्ये ‘ग्वातेमालन-माया केंद्र’ स्थापन झाले. नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा येथे मांसप्रक्रिया कारखान्यांतील कांहोबाल कुटुंबांनी ‘पिशान ईशीम’ ही संस्था काढली. ‘ईशीम’ म्हणजे मका व ‘पिशान’ म्हणजे आत्मा. माणूस मक्याच्या पिठापासून घडविला गेला, अशी पोपोल वूह या कीचे ग्रंथात कथा आहे. तेव्हा निरनिराळ्या शहरांतील संस्थांनी एकच नाव आलटूनपालटून घ्यावे, यात नवल नाही. निर्वासित माया नेत्यांनी १९९१ मध्ये कोस्ता रीकात स्थापिलेली ‘आंतरराष्ट्रीय माया लीग’ पुढे वॉशिंग्टन येथून कार्य करू लागली.

या संस्थांच्या कामात सण-उत्सवांना मोठे स्थान असल्याने त्यांना देणग्या देणाऱ्या अमेरिकन संस्था कधीकधी बुचकळ्यात पडतात. आजार, बेकारी व हद्दपारीची टांगती तलवार असताना मारिंबा या लाकडी वाद्यावर व नृत्यांच्या पोशाखांवर खर्च कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. परंतु २९ सप्टेंबरचा संत मिगेलचा उत्सव हा इंडियनटाउनमध्ये विखुरलेल्या कुटुंबांना एकत्र आणणारा पहिला प्रसंग होता. माया माणसाची निष्ठा प्रथम आपल्या गावाशी असते. गावाच्या उत्सवासाठी वर्गणी गोळा करणारी मंडळीच परदेशात मरण पावलेल्याचे शव मायदेशी धाडण्यासाठी, रुग्णाच्या खर्चासाठी व वकिलाच्या फीसाठी दारोदार फिरतात. तिचा दोषही येथेच आहे. गावनिष्ठेमुळे व कॅथलिक-इव्हँजेलिकल भेदामुळे अनेक संस्था फुटल्या. त्यांचे नेतृत्व बराच काळ पुरुषांकडेच राहिले.

आरोग्याच्या क्षेत्रात अडचण दुहेरी असते. एक तर शेतमजुरांना कीटकनाशकांशी व कारखान्यांतील कामगारांना धारदार हत्यारांशी रोज गाठ घालावी लागते आणि वैद्यकीय विमा सहसा नसतो. दुसरे म्हणजे आजाराची कल्पनाच भिन्न असते. माया परंपरेत शरीराच्या उष्ण व शीत अवस्थांना महत्त्व आहे. प्रसूतीनंतर शरीर थंड पडते, म्हणून बाळंतिणीस ऊब व गरम पेये देतात आणि बाष्पस्नान घडवितात. अमेरिकन रुग्णालयात तिच्या हाती बर्फाचे पाणी येते. भीतीमुळे जडणारा ‘सुस्तो’ हा विकार डॉक्टरांच्या यादीत नसतो. तथापि ज्यांनी कत्तली पाहिल्या, त्यांच्या बाबतीत ही जुनी संज्ञा पुष्कळ काही सांगून जाते. पूर्वी अशा वेळी शाळकरी मुलांनाच दुभाष्याचे काम करावे लागे; आईच्या गर्भाशयाच्या तक्रारी दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरांना सांगाव्यात, हे दोघांनाही संकोचाचे होते. म्हणून माया भाषक स्त्रियांना आरोग्यसेविका व दुभाषे म्हणून तयार करणे हे या संस्थांचे बहुधा सर्वांत उपयुक्त काम ठरले.

शांतता करार (२९ डिसेंबर १९९६) झाल्यावरही स्थलांतर थांबले नाही. जमिनीची विषम वाटणी, २००० च्या सुमारास कोसळलेले कॉफीचे भाव, तसेच २००५ मधील ‘स्टॅन’ व २०२० मधील ‘एटा’ आणि ‘आयोटा’ ही चक्रीवादळे यांनी ते वाढविले. मेक्सिकोतील युकातान प्रांतातूनही, विशेषतः ओशकुत्सकाब येथून, अनेक माया सॅन फ्रॅन्सिस्कोत गेले. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे तोदोस सांतोस कुचुमातान भागातील माम भाषकांची मोठी वस्ती झाली. नॉर्थ कॅरोलायनातील मॉर्गंटन येथे एका कोंबडीप्रक्रिया कारखान्यातील माया कामगारांनी १९९५ मध्ये संप करून कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. मालकाशी करार मात्र कधीच होऊ शकला नाही. लीऑन फिंक यांनी द माया ऑफ मॉर्गंटन (२००३) या ग्रंथात हा लढा वर्णिला आहे.

पुढे शासकीय धाडींनी या वसाहतींना हादरे दिले. मॅसॅचूसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे ६ मार्च २००७ रोजी एका कारखान्यातून ३६१ जणांना अटक झाली. त्यांत कीचे स्त्रिया पुष्कळ होत्या. अनेकींची टेक्ससला रवानगी झाली आणि घरी राहिलेल्या मुलांच्या मातांचा शोध घेण्यासाठी राज्याच्या समाजसेवकांना तेथवर जावे लागले. आयोवातील पोस्टव्हिल येथे १२ मे २००८ रोजी मांसप्रक्रिया कारखान्यात ३८९ जण पकडले गेले. त्यांत बहुतेक ग्वातेमालन व पुष्कळसे काकचीकेल होते. त्यांचे खटले वॉटर्लू येथील गुरांच्या प्रदर्शनाच्या आवारात गटागटाने चालविले गेले. न्यायालयाने आणलेले दुभाषे स्पॅनिशचे होते. त्यांपैकी एरिक कामाइद-फ्रेक्सास या प्राध्यापकांनी नंतर जाहीर केले की, कित्येक आरोपींना स्पॅनिशही नीट येत नव्हती आणि ‘सामाजिक सुरक्षा क्रमांक’ म्हणजे काय, हेही ठाऊक नव्हते. तरीही ओळखचोरीच्या गंभीर आरोपाच्या धाकाने बहुतेकांनी गुन्हा कबूल करून पाच महिन्यांची शिक्षा पत्करली. क्रमांक दुसऱ्या प्रत्यक्ष व्यक्तीचा आहे हे आरोपीला माहीत असल्याखेरीज तो गंभीर आरोप टिकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात मे २००९ मध्ये एकमताने दिला. तोवर पोस्टव्हिलचे कैदी शिक्षा भोगून बहुतांशी हद्दपार झाले होते.

डिसेंबर २०१८ मध्ये एक सात वर्षांची केक्ची मुलगी सीमा-रक्षकांच्या ताब्यात असताना आजारी पडून मरण पावली. मुलीची प्रकृती ठीक असल्याच्या कागदावर तिच्या वडिलांची सही होती. कागद इंग्रजीत होता, त्यांना तो स्पॅनिशमध्ये वाचून दाखविण्यात आला होता आणि त्यांची मातृभाषा केक्ची होती. त्याच महिन्यात आठ वर्षांचा एक चूह मुलगाही असाच दगावला. या घटनांनंतर माया दुभाष्यांची मागणी एकदम वाढली. देशाच्या स्थलांतर न्यायालयांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा भाषांत माम त्यापूर्वीच जाऊन बसली होती. इंग्रजी न जाणणाऱ्यांना शासकीय सेवा समजेल अशा भाषेत मिळाव्यात, यासाठी २००० मध्ये निघालेला अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द करण्यात आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करण्यास असलेली मनाई मात्र कायम असून माया संघटनांचे वकील तिचाच आधार घेतात.