मेस्त्रींची शिडी

साष्टीतल्या आमच्या घराची मागली पडवी इगर्जीच्या बाजूला होती. मधे माडांचं एक भाट, त्यापलीकडे इगर्जीची शाळा. शाळा म्हणजे एक लांबट खोली, चार बाकं आणि एक फळा. दुपारी चार वाजले की तिथून पोरांचा आवाज यायचा. दो रे मी फा सोल ला सी. चढायचा, मग उतरायचा. आई म्हणायची, "मेस्त्रींची पोरं शिडी चढायला लागली. चहा टाकते."

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली, पोर्तुगीज अजून होते तेव्हाची. आमच्या वाड्यावर हिंदूंची पाच-सहा घरं, बाकी गाव ख्रिस्ती. आम्हा हिंदूंच्या पोरांची मराठी शाळा एका सावकाराच्या ओसरीवर भरायची. पावकी, निमकी, पाऊणकी घोकायची, बाळबोध गिरवायचं आणि श्लोक म्हणायचे. ते आटोपलं की मी भाट ओलांडून इगर्जीच्या शाळेच्या खिडकीखाली जाऊन बसायचो. शेजारच्या घरातला माझा सवंगडी आत असायचा, मी बाहेर.

मेस्त्री हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे करवत घेतलेला माणूस येईल. पोर्तुगीज भाषेत गुरूला मेस्त्रे म्हणतात. आपला मिस्त्री त्याच शब्दातून आला आणि आमच्या गावचा मेस्त्रीही. रविवारच्या मिसेला गायकांचा ताफा सांभाळायचा, फेस्ताला आणि मयताला रेबेक वाजवायचं आणि रोज दुपारी पोरांना शिकवायचं, ही त्यांची कामं. रेबेक म्हणजे व्हायोलिन. पगार बेताचाच. गावात मान मात्र पाद्रीच्या खालोखाल.

या शाळांची मुळं जुनी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून साष्टीत जेझुइटांनी आणि बारदेशात फ्रान्सिस्कनांनी इगर्जीला लागून शाळा चालवल्या. जुन्या गोव्यात 1541 मध्ये सुरू झालेलं सेंट पॉल कॉलेज पुढे जेझुइटांच्या हाती आलं आणि 1556 मध्ये तिथे छापखाना बसला, हिंदुस्थानातला पहिला. पण खेड्यातल्या शाळेचा पाया गावानेच धरला. इगर्जीचा खर्च गावकरीतून, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून निघायचा. आमच्याच खाजनातल्या भातावर ती लॅटिन पोसली गेली, असं म्हणायला हरकत नाही.

युरोपात त्या काळी शिकलेला माणूस कोण, तर ज्याला सात विद्या येतात तो. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन शब्दांच्या विद्या. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार संख्यांच्या. यांना लॅटिनमध्ये मोकळ्या माणसाच्या विद्या म्हणत, कारण त्या गुलामासाठी नव्हत्या. संगीत हे संख्येच्या घरातलं, हे पाहून पुष्कळांना नवल वाटतं. मलाही वाटलं होतं. ते कसं, हे मेस्त्रींनी दाखवलं.

खेड्यातल्या शाळेत सातही विद्या कुठून येणार? प्रार्थना, अक्षरओळख, थोडे हिशेब आणि भरपूर संगीत, एवढंच. हुशार पोरगा पुढे लॅटिन शिकायचा. त्यातला एखादा जुवारीकाठी राशोलच्या सेमिनारीत जायचा. बाकीच्यांच्या वाट्याला सातांपैकी एकच विद्या नीट यायची, ती म्हणजे सोल्फेज. वाद्याला हात लावण्याआधी कित्येक महिने नुसती सुरांची नावं वाचून म्हणायची, हाताने मात्रा मोजायच्या. ही नावं अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या इटालियन साधूची देणगी. संत योहानाच्या एका स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू व्हायची. त्याने त्या ओळींची पहिली अक्षरं उचलली आणि सुरांना दिली. त्याच्या आधी नवं गाणं कानानेच शिकावं लागे. त्यानंतर कधी न ऐकलेलं गाणं पोरगा कागदावरून म्हणू लागला.

एकदा पावसात मी खिडकीखाली भिजत होतो. मेस्त्रींनी पाहिलं. "पुता, भितर यो," म्हणाले. पोरं हसली. मेस्त्रींनी मला विचारलं, "तुमच्या ओसरीवर काय शिकवतात?" मी पाऊणकी म्हणून दाखवली. ते खूश झाले. त्यांनी रेबेक काढलं आणि एक तार छेडली. मग बरोबर मधोमध बोट ठेवून छेडली. तोच सूर, पण वरचा. "ही तुझी निमकी," म्हणाले. मग पाऊण तार मोकळी सोडली. मध्यम लागला. दोन तृतीयांश सोडली, पंचम लागला. मध्यम, पंचम ही नावं मला पुष्कळ नंतर कळली. त्या दिवशी एवढंच समजलं की मी जी पाऊणकी रडतखडत घोकतो, ती कानाला ऐकू येते. अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत.

घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं, तिथे शिकायला जाऊ का? वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खिडकीबाहेरून ऐक हवं तेवढं. आत बसू नकोस." तेव्हा मला राग आला. पुढे वाचल्यावर त्यांची भीती समजली. आमच्या पूर्वजांनी देव उचलून नदीपार नेले होते. अशा घरातल्या माणसाला इगर्जीचा उंबरठा साधा दिसत नाही.

आणि त्या शाळेचे दोष होतेच. तिथे मी कधी मुलगी पाहिली नाही. छडी सढळ चालायची. सगळ्यात मोठा दोष भाषेचा. याच साष्टीत इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 मध्ये छापून झालं. त्यांनीच लिहिलेलं कोकणीचं व्याकरण 1640 मध्ये राशोलला निघालं. त्याचं नावच 'आर्ते', म्हणजे कला. सातांतली पहिली विद्या त्यांनी आमच्या भाषेला लावली. आणि 1684 मध्ये सरकारचा हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. लोकांनी ती सोडली नाही, ती घरात राहिली. पण शाळेच्या दारात तिचा मान गेला. पोरं लॅटिनची पानंच्या पानं बिनचूक गायची आणि अर्थ विचारला की गप्प.

1961 मध्ये गोवा मोकळा झाला. पाठोपाठ रोममध्ये व्हॅटिकनची धर्मपरिषद झाली आणि मिस लोकांच्या भाषेत म्हणायला मुभा मिळाली. काही वर्षांत आमच्या इगर्जीतही कोकणी मिस सुरू झाली. सवंगड्याची आजी मिसेवरून परतताना आमच्या पडवीत टेकली आणि आईला म्हणाली, "बाय, साठ वर्षं मी आमेन म्हणत आले. कशाला म्हणत होते, ते आज कळलं." तिचे डोळे भरले होते.

त्याच संध्याकाळी मेस्त्री आमच्याकडे आले होते. जुन्या लॅटिन वह्या त्यांनी फडक्यात बांधल्या होत्या. वडिलांना म्हणाले, "माझ्या बापाच्या हातचं लेखन आहे. आता कोण गाणार?" वडिलांनी त्यांना हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं. दोघंही फारसं बोलले नाहीत. आजीचं सुख खरं होतं आणि मेस्त्रींचं दुःखही. यातलं एक खोडून दुसरं मांडायला मला आजवर जमलेलं नाही.

शिडी मात्र वाया गेली नाही. अशाच शाळांतून शिकलेले गोंयकार मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. आमच्या साष्टीतल्याच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस गायकवृंदाच्या मेस्त्रींचे चिरंजीव. प्यारेलालजी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977 च्या सिनेमातलं ते गाजलेलं गाणं याच गुरूच्या नावाचं. माझा सवंगडीही मुंबईला गेला. स्टुडिओत कागद पुढे आला की पहिल्याच फेरीत वाजवायचा म्हणे.

मी गणिताचा मास्तर झालो. अपूर्णांक आले की टेबलाला दोन खिळे ठोकून तार ताणायचो आणि मुलामुलींना एकेक करून बोट ठेवायला लावायचो. पाऊण, दोन तृतीयांश, अर्धा. त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटायचं, तेव्हा मला भाटापलीकडची ती ओली दुपार आठवायची. आत मी बसलो तो तेवढा एकच दिवस. त्यावर तीस वर्षं नोकरी केली.