कोरडे घासू नका : एका साध्या सूचनेमागचा इतिहास

१/८ दाराची जुनी, चकचकीत चौकट पुन्हा रंगवण्यापूर्वी ती धुऊन पॉलिश पेपरने घासावी लागते. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा रंग पकड घेत नाही, म्हणून आधी चकाकी मोडायची. पण ती कोरडी मोडायची की ओली? या प्रश्नापायी अनेकांचे प्राण गेले आहेत, मित्रहो.

२/८ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील दारे-खिडक्यांचा तैलरंग बहुधा सफेता आणि जवसाचे तेल यांचा असे. सफेता म्हणजे शिशाचे कार्बोनेट. रंग टिकाऊ, दाट, आणि विषारी.

३/८ जुना थर कोरडा घासला की शिशाची बारीक धूळ उडे. ती श्वासातून, हातांवरून, भाकरीबरोबर शरीरात जाई. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळे पडलेले मनगट ही रंगाऱ्यांच्या व्याधीची ओळखीची लक्षणे होती.

४/८ विष केवळ कारागिरांपुरते राहिले नाही. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचे मूळ घरातच असल्याचे मांडले : रंगवलेले कठडे आणि खोल्यांच्या भिंती.

५/८ १९२१ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सफेत्याविषयी करार संमत केला. काही अपवाद वगळता इमारतींच्या अंतर्भागात सफेता वर्ज्य ठरला. शिवाय कोरडे घासण्या-खरवडण्याच्या धुळीपासून शक्य तेथे कामगारांचे रक्षण करावे, असेही त्यात नमूद झाले.

६/८ मात्र ओले घासायचे कशाने? साध्या पॉलिश पेपरचे दाणे प्राणिज सरसाने चिकटवलेले असत. पाणी लागताच ते सुटत. अमेरिकेत फ्रान्सिस ओकी यांनी पाण्यात टिकणारा कागद तयार केला. थ्री-एम कंपनीने तो बाजारात आणला, तोही १९२१ मध्येच. मोटारींच्या रंगकामात त्याने धूळ कमी केली.

७/८ कायदे मात्र संथ चालले. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटी रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवली. नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली.

८/८ कायदा नव्या डब्यावर चालतो. आजोबांच्या काळातील चौकटीवरचे थर त्याला ठाऊक नसतात. म्हणून जुन्या घराचा रंग काढताना आधी त्यात शिसे आहे का, हे तपासून घ्यावे. संशय असेल तर तो कोरडा घासू नये, जाळूही नये. मुलांना दूर ठेवावे, पृष्ठभाग ओला ठेवावा, उरलेला चिखल झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपावा. पाण्याचा तो एक हबका ही शतकभराच्या दुखण्यातून मिळालेली शिकवण आहे.