जुन्या घराचे तारण

महाराष्ट्रातील सावकारीचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी तो बहुधा जमिनीच्या अंगाने लिहिला, आणि ते स्वाभाविकही होते. कारण कुणब्याची जमीन कर्जापायी हातची कशी गेली हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इतका विकोपाला गेला की १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या दुकानांवर चाल करून त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा स्वतंत्र कायदा निर्माण झाला. परंतु सावकाराच्या पेटीत जमिनीच्या खतांच्या जोडीला घरांची खतेही असत, आणि त्यांचा इतिहास मात्र विखुरलेलाच राहिला. नवे घर घेण्यास कर्ज मिळते, परंतु वाडवडिलांचे असलेले घर सावरण्यास ते मिळता मिळत नाही, हा अनुभव आज अनेकांना नवा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे.

देशावरील जुन्या वाड्याची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या अडचणीचे मूळ सहज उमगेल. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, कडीपाटावर मातीचा थर, आणि भिंतींत विटा व पांढरी माती. दरसाल पावसाळ्यापूर्वी करावयाची कौलांची शाकारणी, भिंतींचे लिंपण, असा किरकोळ खर्च घरच्या मिळकतीतून भागत असे आणि त्यासाठी कोणी सावकाराची पायरी चढत नसे. पण भिंतीत शिरलेले तुळईचे टोक ओल धरून कुजले किंवा खांबाला वाळवी लागली म्हणजे वरचा सबंध मजला टेकू देऊन उचलून धरावा लागे, आणि त्या कामाला हप्त्याहप्त्याने नव्हे तर एकरकमी पैसा लागे. अडचण नेमकी येथेच आहे. ज्या वेळी घराला पैशाची निकड सर्वांत अधिक, त्याच वेळी तारण म्हणून त्याची किंमत सर्वांत कमी; आणि कर्ज देणारा घराकडे पाहतो तो दुरुस्तीनंतर ते कसे दिसेल हे मनात आणून नव्हे, तर उद्या ते विकावे लागले तर काय हाती येईल, या दृष्टीने.

पेशवाईत मोठी कर्जे उभी राहिली ती घरांवर नव्हे, तर वसुलावर. थोरल्या बाजीरावाला ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचे ऋण किती जाचत होते हे त्या काळच्या पत्रव्यवहारातून प्रसिद्धच आहे. परंतु अशा कर्जांची हमी म्हणजे राज्यकर्त्याची पत, महालांचे उत्पन्न आणि त्यावर काढलेल्या वराती. सामान्य गृहस्थाजवळ वसूल कोठून असणार? त्याने घरच गहाण लिहून द्यावयाचे. जुन्या मोडी गहाणखतांत घराची चतुःसीमा सांगितलेली असते, पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणता रस्ता, दक्षिणेस कोणाची भिंत. आणि मग जागेसह दगड, माती, लाकूड अशी तपशीलवार गणना येते. त्या गणनेत घर हे राहण्याचे ठिकाण म्हणून फारसे दिसत नाही; जागा आणि मोडून विकता येईल असे सामान, एवढेच दिसते. सागाच्या तुळईला बाजारभाव होता, ती बसविण्याच्या सुताराच्या मजुरीला नव्हता. आणि दुरुस्तीचा खर्च तर पुष्कळसा मजुरीतच जात असे.

गहाणाचे प्रकार लोकव्यवहारात स्पष्ट होते. कब्जा ऋणकोकडे राहिला तर नजरगहाण, धनकोकडे गेला तर कब्जेगहाण. आणि या दोहोंहून कठोर म्हणजे गहाणलहाण, ज्यात ठरल्या मुदतीत रक्कम न फेडल्यास गहाण तेच खरेदी ठरावयाचे. १८६४ साली, स्थापनेला अवघी दोन वर्षे झालेल्या मुंबई हायकोर्टाने रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात असा निर्णय दिला की एकदा गहाण ते कायम गहाण, आणि मुदत टळली तरी ते सोडविण्याचा ऋणकोचा हक्क बुडत नाही. हा निर्णय मला अत्यंत न्याय्य वाटतो. परंतु त्याचा परिणाम सावकारांनी निराळ्याच रीतीने पचविला: गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि परत देण्याचा करार वेगळ्या कागदावर, कित्येकदा केवळ तोंडी ठेवू लागले. शेतकऱ्याला १८७९ च्या कायद्याचा आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांचा आधार मिळाला. खरेदीखत हे मुळात गहाणच होते असे त्याला तोंडी पुराव्याने दाखविता येऊ लागले. पण पेठेत राहणारा कारकून, भिक्षुक, मास्तर, कासार हा कायद्याच्या व्याख्येत शेतकरी नव्हता. त्याच्या बाबतीत पुराव्याच्या सर्वसामान्य कायद्यापुढे लेखी दस्तऐवज हाच अखेरचा शब्द ठरे. गळक्या छपरासाठी म्हणून घेतलेल्या रकमेपायी, अशा तऱ्हेने, छपराखालची जागाही जाऊ शकत असे.

मालमत्ता हस्तांतराचा १८८२ चा कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला तो १ जानेवारी १८९३ पासून, आणि त्यातील कलमे आज वाचली तरी जुन्या घराची अडचण कशी कायद्याच्या भाषेत मुरली आहे ते ध्यानी येते. तारण पुरेसे केव्हा मानावे हे सांगताना कायदा म्हणतो की मिळकतीची किंमत येणे रकमेहून एक-तृतीयांशाने अधिक असावी. मात्र ती मिळकत इमारत असेल तर निम्म्याने अधिक असावी. जमीन झिजत नाही, इमारत झिजते, हा व्यावहारिक विचार त्यात आहेच. पण त्यामुळे तेवढ्याच किमतीच्या घरावर जमिनीपेक्षा कमी रक्कम उभी राहते, हेही उघड आहे. कब्जा घेतलेल्या धनकोवर आवश्यक दुरुस्तीचे बंधन कायद्याने घातले, पण तेही मिळकतीच्या उत्पन्नातून सरकारदेणे आणि स्वतःचे व्याज वजा जाता उरेल तेवढ्यापुरतेच. जुन्या घराच्या भाड्यातून व्याज वजा जाता काय उरणार? उलटपक्षी, घर नष्ट होण्यापासून वाचविण्यासाठी धनकोने स्वतः खर्च केल्यास तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज घेण्याची मुभा त्याला आहे. केवळ हक्काची कागदपत्रे धनकोच्या हाती ठेवून गहाण करण्याची सोपी रीत मूळ कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या बंदरांपुरतीच मान्य केली. त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्याला जे एका भेटीत साधे, त्यासाठी पुण्याच्या गृहस्थाला मुद्रांक आणि नोंदणी यांचा खर्च सोसावा लागे.

सरकारी तगाई होती, परंतु १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांचा रोख विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे, बैल यांवर होता. राहत्या घराचे नाव त्यात मुळात नव्हते. कोकणात मंगलोरी कौलांचा प्रसार झाला तेव्हा नळीची कौले उतरवून ती चढविण्याचा खर्च अनेक घरांनी मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर भागविला. ही कौले १८६५ पासून मंगळूर येथे बासेल मिशनच्या कारखान्यात होऊ लागली होती. सहकाराचे युग आले आणि १९१५ मध्ये रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ही गोष्ट अभिमानाची खरी; पण सहकाराने उभारली ती नवी घरे.

स्वातंत्र्यानंतर जुन्या घराची पत आणखी खालावली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते, त्याविषयी माझे दुमत नाही. परंतु दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आणि उत्पन्न गोठलेले, अशा स्थितीत त्या इमारतीवर कर्ज कोण देणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. भाडेकरू असलेली जागा लिलावात विकली तरी घेणाऱ्याला कब्जा मिळत नाही, मग तारण कसले? पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले तेव्हा मातीच्या भिंती अक्षरशः विरघळल्या. कित्येक घराण्यांनी तेथे पुन्हा घर उभे केलेच नाही. मुंबईत चाळी कोसळून माणसे मरू लागली तेव्हा शासनाला १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापावे लागले, आणि उपकर गोळा करून १९,००० हून अधिक इमारतींच्या दुरुस्तीचा भार उचलावा लागला. तोही ठरावीक मर्यादेपर्यंतच, त्यापुढचा खर्च रहिवाशांनी सोसावयाचा. खासगी कर्जाने जे काम कधी केले नाही ते सार्वजनिक पैशाने करावे लागले, असाच या मंडळाच्या जन्माचा अर्थ मी लावतो.

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली आणि मध्यमवर्गाला पगाराच्या बळावर घर घेता येऊ लागले, ही मोठीच क्रांती होय. पण नव्या सदनिकेचे कागद स्वच्छ असतात. जुन्या घराचा उतारा काढावा तर त्यावर पणजोबांचे नाव, खाली चार शाखांचे वारस, त्यांतले दोघे परगावी, एकीची नोंदच नाही, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कधीच फिटलेल्या गहाणाचा बोजा तसाच. तो उतरवून द्यावयास धनकोचा वारस शोधून सापडत नाही. गावठाणातील घराची कथा याहून बिकट, कारण तेथे वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा एवढाच कागद होता, आणि तो कर-आकारणीचा असून मालकीचा पुरावा मानला जात नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू आहे, ते म्हणूनच मला अत्यंत मोलाचे वाटते.

आयकराचा १९६१ चा कायदाही जुन्याच मार्गाने गेला. राहते घर घेण्यासाठी वा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर त्याने जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट दिली; त्याच घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जावर मात्र ३०,००० रुपये. मुद्दलफेडीची सवलत दुरुस्तीला नाहीच. ज्यांची जुनी घरे आहेत त्यांनी कर्जाच्या अर्जाआधी, वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर, वारसनोंद, वाटणीपत्र आणि जुन्या बोजांची कमी-नोंद ही तीन कामे उरकून घ्यावीत. आणि कायदे करणाऱ्यांनी दुरुस्तीच्या कर्जाला बांधकामाच्या कर्जाइतकीच वजावट द्यावी.