आयन शलाकेने पृष्ठभाग घडविणे

आयन शलाकेने पृष्ठभाग घडविणे ही दुर्बिणीचे आरसे व भिंगे यांचा आकार अखेरीस नेमका करण्याची एक पद्धत होय. निर्वात पेटीत आर्गॉनसारख्या वायूचे विद्युत्‌भारित अणू (आयन) वेगाने काचेवर सोडले जातात व त्यांच्या आघाताने काचेचे अणू निखळतात. हत्यार काचेला टेकत नसल्यामुळे घासताना कडा ढळण्याचा दोष येथे उद्भवत नाही. हवाई बेटावरील प्रत्येक केक दुर्बिणीचा १० मीटर व्यासाचा आरसा ३६ षट्‌कोनी खंडांचा आहे. कापल्यावर खंड किंचित वाकत; त्यांची अखेरची दुरुस्ती याच पद्धतीने केली गेली.

गणितीय प्रतिमान

शलाका एका जागी सेकंदभर थांबली असता जो खळगा पडतो, त्याला ठसा म्हणू. तो बहुधा घंटेच्या आकाराचा असतो. कोणत्याही बिंदूपाशी निघालेली खोली म्हणजे आसपासच्या सर्व जागी शलाका थांबल्याचा काळ व तेथून पोहोचणारा ठसा यांच्या गुणाकारांची बेरीज. या क्रियेस संवलन म्हणतात.

कारागिराचा प्रश्न मात्र उलटा असतो: हवी ती खोली मिळण्यासाठी कोठे किती वेळ थांबावे? काळ ऋण असू शकत नाही, कारण निघालेली काच पुन्हा बसविता येत नाही. शिवाय ठसा बारीक लाटा बुजवून टाकतो. घंटेचे प्रमाण विचलन १० मिलिमीटर असल्यास ६३ मिलिमीटर लांबीच्या लाटेवर शलाकेचा सुमारे ६१ टक्के प्रभाव उरतो. २० मिलिमीटरच्या लाटेवर एक टक्काही नाही. तीही पुसण्याचा हट्ट धरला, तर मोजणीतील लहानशी चूक उत्तरात शंभराहून अधिक पटींनी फुगते. म्हणून थोडी त्रुटी राहू देणारे, पण स्थिर उत्तर पत्करतात.

उतार वाढला की ठसाही बदलतो. आरशांवर हा फरक नगण्य असतो. लेसरने वा अपघर्षक जलधारेने खोल कोरताना मात्र साधी बेरीज पुरत नाही.

मोजमापावरील भिस्त

गणित कितीही नेमके असले, तरी ते आरंभीच्या मोजमापावर उभे असते. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा आयनांनी नव्हे, संगणकनियंत्रित घासणीने घडविला होता. मूळ तत्त्व मात्र हेच. मोजणीच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले आणि आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट झाला. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर दोष उघड झाला व १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक आरसे बसविले.